मिस करणे : चुकणे, हुकणे की मुकणे?

उपशीर्षकवाली : एका इंग्रजी लघुपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. बाई एकाला गाठायला धावत फलाटावर येते, गाडी सुटलेली. म्हणते, ‘आय मिस्ड हिम.’ मैत्रिणीला वाटतं आठवण आली. ती विचारते, ‘इतक्यात?’ दोन्ही अर्थ पेलेल असं एकच क्रियापद सुचवा.

तिरकस : ‘मी त्याला मिस केलं.’ झालं काम. कॉलेजातली पोरं असंच बोलतात.

जुना मास्तर : गाडी चुकते, झेल हुकतो, आमरसाला माणूस मुकतो आणि गावी गेलेल्या नातवाची आठवण येते. घरात एवढं असताना उधारी कशाला?

तिरकस : मास्तर, ‘तुझी उणीव भासते’ असं काकूंना कधी म्हणालात? ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीत शोभतं.

वऱ्हाडी ठेचा : आमची आई म्हणते, ‘तू गेली का घर खाले उठते.’ त्यापुढे तुमचं मिस फिकं.

पोथीवाला : अहो, ‘चुकणे’तच दोन्ही आहे. ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटतं’ म्हणतो तेव्हा कोणी चूक केलेली नसते, कोणीतरी जवळ नसतं. धातूही जुना. हेमचंद्र या जैन पंडिताच्या १२व्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘भ्रंश्’साठी (ढळणे, घसरणे) चुक्क, भुल्ल, फिट्ट, फुट्ट हे पर्याय दिलेत. म्हणजे चुकणे, भुलणे, फिटणे, फुटणे ही निदान अर्थानं तरी भावंडं. शिवाय आपल्याकडे ‘माझी गाडी चुकली’, म्हणजे कर्ता गाडी! इंग्रजीत माणूस.

जुना मास्तर : उशिरा पोचायचं आपण आणि चुकायचं गाडीनं. बाकी ‘मुकणे’ हे ‘मुक्त’वरून, असं माझं मत.

उपशीर्षकवाली : ‘आमची चुकामूक झाली’ कसं वाटतं? पण मग ‘इतक्यात?’ लटकतं.

तिरकस : चुकामूक व्हायला दोघं एकमेकांना शोधत हवेत. हा तर निवांत गाडीत बसलाय.

वऱ्हाडी ठेचा : आणि ‘मिस कॉल दे’चं काय? मुद्दाम दिलेला कॉल मिस कसा?

पोथीवाला : तो पैशाचा हिशेब. १९९५मध्ये मोबाइल आले तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे कापत. इनकमिंग फुकट झालं २००३मध्ये. पण करणाऱ्याचे पैसे जातच होते, म्हणून खूण ठरलेली : एक रिंग म्हणजे ‘निघालो’, दोन म्हणजे ‘खाली ये’.

जुना मास्तर : निदान ‘मिस्ड’ तरी म्हणा.

तिरकस : मिस्ड कोण म्हणतं? आणि आम्ही देत नाही, मारतो. ‘पोचलास की मिस कॉल मार.’

जुना मास्तर : मारतो! कॉल काय मारायची वस्तू आहे?

वऱ्हाडी ठेचा : हाक मारताच ना, मास्तर?