उन्हाळ्यात १६०० चं टायमिंग जवळपास मिनिटभर वाढलं, पळणं बंद ठेवू का?

दूधवाला_अकोट
राम राम मंडळी. पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. गाव अकोट तालुक्यातलं. फेब्रुवारीत माझं १६०० मीटर ५:२२ ला जात होतं. ५:१० च्या आत आलं की २० पैकी २० गुण, म्हणजे बारा सेकंदं तेवढी काढायची होती. आता मे संपत आला आणि परवा घड्याळात ६:२० दिसले. बहिणीनं मोबाइल हलवून पाहिला, म्हणे बिघडला असेल.

पहाटे चारला उठून म्हशींचं दूध काढतो, साडेपाच ते सात डेअरीवर असतो, मग सायकलनं मैदानावर पोचेपर्यंत साडेसात. तोवर ऊन चांगलंच वर आलेलं असते. नऊला परत निघताना सीटवर गमछा टाकल्याशिवाय बसता येत नाही. संध्याकाळचंही करून पाहिलं. सहा वाजता मोबाइल ४२ दाखवते आणि दिवसभर तापलेली माती बुटातून चटका देते.

मैदान मातीचं आहे. ४०० चा ट्रॅक, आठ लेन, फक्की मारलेली. पूर्वेच्या कुंपणाला कडुलिंबाची रांग, तिचीच काय ती सावली. नळ आहे, नळाला पाणी नाही. दोन लिटरची कॅन घरून नेतो.

परवाची गोष्ट. तिसऱ्या फेरीत दंडावर काटा आला. थंडी वाजल्यावर येते तसा. अकोल्याच्या मे महिन्यात थंडी! तरी चौथी फेरी काढली. मग कुंपणाची तार धरून उभा राहिलो आणि ओकलो. आईनं तळपायाला कांदा चोळला, पन्हं दिलं, आणि आता पाऊस येईपर्यंत मैदानाचं नाव काढायचं नाही म्हणाली. त्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला.

पण २०२४ च्या भरतीची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती. यंदा कधी बोलावतील काय नेम? महिनाभर बंद ठेवलं तर स्टॅमिना जाईल का? का शरीरच बसलं माझं?

नाना_गोळाफेक
काही बसलं नाही. खिशात कांदा ठेवायचा आणि मिठाच्या गोळ्या घ्यायच्या. आम्ही भर बारा वाजता पळायचो, एकालाही काही झालं नाही. आजकालची पोरं नाजूक.

पीटीच्या_बाई
नाना, ज्याला झालं तो तुमच्यासोबत पुढं पळायला उरला नसेल, म्हणून तुम्हाला आठवत नाही. मी वर्ध्याला ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवले. मैदानात पडलेली पोरं उचलली आहेत.

पोरा, आधी काट्याचं बोलू. उन्हात पळताना अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं, घाम एकदम थांबणं, पाय वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं की फेरी तिथंच सोडायची. अर्ध्यात, जिथं असशील तिथं. तू चौथी फेरी काढलीस याचं मी कौतुक करणार नाही. अंग चाळीसच्या वर तापलं की डोकं काम करेनासं होतं, आणि ज्याला ऊन लागलंय त्याला स्वतःला ते कळत नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे. म्हणून एकटा पळू नकोस. सोबतचा पोरगा बरळायला लागला तर सावलीत आडवा करायचा, कपडे सैल करायचे, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतायचं, गमछ्यानं वारा घालायचा आणि १०८ ला फोन. आधी गार करायचं, गाडीची वाट बघत बसायचं नाही. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी तर नाहीच, हा तो ताप नव्हे.

कांदा चोळल्यानं काही बिघडत नाही, आईला चोळू दे. तिच्या पन्ह्याचा मात्र खरंच उपयोग आहे. पाणी, साखर, मीठ तिन्ही आलं त्यात.

आता मला एक सांग. तू कुठल्या लेनमधून पळतोस?

दूधवाला_अकोट
बाई, सगळ्यात बाहेरच्या. आठव्या. सावली तिथंच पडते ना. आणि आतल्या लेनमध्ये अॅकॅडमीची पोरं असतात, ते बाजूला हो म्हणतात. चार फेऱ्या, जिथून निघालो त्याच रेघेवर थांबतो.

पीटीच्या_बाई
आणि फेब्रुवारीत?

दूधवाला_अकोट
तेव्हा पहिल्या लेनमध्ये. अॅकॅडमीची पोरं तेव्हा येत नव्हती.

पीटीच्या_बाई
वाटलंच मला! अरे, ४०० मीटर फक्त पहिली लेन असते. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे वळणं मोठी होत जातात आणि लेनमागे फेरीला सात-साडेसात मीटर वाढतात. आठवी लेन ४५३ मीटरची होते. म्हणून तर ४०० च्या शर्यतीत पोरं पुढं-मागं उभी करतात. चार फेऱ्यांचे झाले १८१२. तू १६०० नाही, त्याहून २१२ मीटर जास्त पळत होतास.

६:२० म्हणजे ३८० सेकंद. त्याच वेगानं १६०० ला लागतात ३३५-३३६, म्हणजे ५:३५ च्या आसपास. उन्हानं तुझे तेरा-चौदा सेकंद खाल्ले. बाकी सगळे लेननं. दूध मोजून घालतोस, मैदान मोजलं नाहीस.

तेरा सेकंदं उन्हात जाणारच. एरवी हृदयाला फक्त पायांना रक्त पुरवायचं असतं, उन्हात अंग गार ठेवायला कातडीलाही पुरवावं लागतं. तेवढ्याच वेगाला छाती जास्त धडधडते.

लोकल_आणि_लॅप
मी मुंबईचा, सिंथेटिक ट्रॅकवर पळतो. दूधवाला, तुझे आकडे वाचून घाम फुटला, आणि इथं फुटलेला घाम वाळतही नाही. आमच्याकडे ३३ असतं पण हवा इतकी दमट की घाम नुसता निथळतो, अंग गार होत नाही. दोहाला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीनं मध्यरात्री ठेवली होती. सूर्य नव्हता, दमट उकाडा होता. ६८ जणी सुटल्या, २८ जणींनी मध्येच सोडली. त्यामुळे नाजूक वगैरे सोडा, नाना.

तुमच्याकडची कोरडी हवा उलटं फसवते. घाम लगेच उडतो, बनियन कोरडं राहतं आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघ. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं.

दूधवाला_अकोट
बाई, दोनदा वाचलं आणि डोक्याला हात लावला. महिनाभर मी म्हातारा झालो समजून राहिलो होतो.

वजन डेअरीच्या काट्यावर केलं, सचिवाला सांगून. जाताना ६१.२, आल्यावर ५९.९. मध्ये अर्धा लिटर पाणी पिऊनसुद्धा! बनियन खरंच कोरडं होतं, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे. सचिव म्हणे, तुझ्या फॅटचे पैसे कापू का.

मग आता करू काय? पहिली लेन घेतली तर पूर्ण फेरी उन्हात.

पीटीच्या_बाई
म्हणजे दीड तासात पावणेदोन लिटरच्या वर गेलं. दोन लिटरची कॅन नेतोस आणि दीड लिटर परत आणतोस? घोट घोट पीत जा. ओआरएस घेणार असशील तर अख्खी पुडी एक लिटरमध्ये, ग्लासात अर्धी टाकायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. ताक तर तुझ्या घरचंच आहे. मिठाच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

पूर्ण बंद करू नकोस. उन्हात पळायची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जातं. बंद ठेवलंस तर ही सवय मोडते आणि जूनच्या दुपारी बोलावलं तर पुन्हा पहिल्यापासून. मात्र परवा ओकलास, तर आधी चार दिवस नुसतं चाल.

मग आठवड्यात दोनच दिवस टायमिंग लाव, तेही उजाडता उजाडता, पहिल्या लेनमध्ये. दुधाचं काय करायचं ते घरात बोल. बाकीचे दिवस साडेसातलाच जा, पण १६०० सलग नको. चारशेच्या चार-पाच फेऱ्या काढ, प्रत्येकीनंतर लिंबाखाली तीन मिनिटं, मानेवर ओला गमछा. आठव्या लेनमध्ये पळायचं असेल तर खुशाल पळ, फक्त घड्याळ ४०० वर थांबव. सुरुवातीची रेघ ५३ मीटर पुढं आखून घे.

आणि भरतीतलं बाकीचं, १०० मीटर आणि गोळाफेक, हे उन्हाळ्यातच कर. बारा-तेरा सेकंदांत अंग तापायला वेळच मिळत नाही, उलट स्नायू सैल असतात. गोळा सावलीत ठेव तेवढा. उन्हात पडलेलं सव्वासात किलो लोखंड मानेला लावलं की काय होतं ते नाना सांगतील.

नाना_गोळाफेक
सांगतो ना. उजव्या कानाखाली फोड आला होता, १५ दिवस दाढी करता आली नाही. गोळा ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा, फेकायच्या आधी कोरडा पुसायचा. बाईंशी एवढ्यापुरता सहमत.

दूधवाला_अकोट
बारा दिवसांनी लिहून राहिलो. मंगळवार-शुक्रवार डेअरीवर बहीण जाते. त्या बदल्यात तिला स्कूटी शिकवायची, म्हणजे आधी मामाची मागून आणायची.

आज पावणेसहाला पहिल्या लेनमध्ये पळालो. अॅकॅडमीची पोरं यायची होती. मोबाइलवर २९ होतं. तिसऱ्या फेरीत दंडाकडे बघून घेतलं, काटा नव्हता. टायमिंग ५:३१. फेब्रुवारीपेक्षा नऊ सेकंदं मागं आहे अजून.

अॅकॅडमीच्या एका पोराला आठव्या लेनचं गणित सांगितलं तर तो मानायलाच तयार नाही. उद्या शेतातला टेप नेतो, वळण मोजून दाखवतो त्याला.

नाना, गोळा अजून साडेसहा मीटरच जातो. सावलीतला, कोरडा पुसलेला. त्याचा वेगळा धागा काढतो, तिथं या.