फुकटची आवृत्ती मरत नाही, एकटी पडते

फुकट, खुल्या सॉफ्टवेअरबद्दल ‘पैशाची आवृत्ती आली की फुकटची संपलीच’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. एकदा खुल्या परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशा अटीवर दिलेला कोड कंपनीला परत घेता येत नाही. बदलतो तो पुढच्या आवृत्त्यांचा परवाना. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये खुला परवाना बदलला, तर जुन्या कोडवरून व्हॅल्की हे वेगळं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. मे २०२५ मध्ये रेडिसनेही एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय दिला. पण असा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून काढलेली वेगळी शाखा, सांभाळायला माणसं लागतात, आणि ती यवतमाळकडच्या आमच्या गावात कुठून आणायची?

आमच्या शेतकरी कंपनीत सोयाबीन-तुरीच्या आवकीला असंच एक फुकट सॉफ्टवेअर होतं. ऐन हंगामात अपडेट केलं आणि मराठीत काटापट्टी छापायची सोय पैशाच्या आवृत्तीत गेलेली! बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि कास्तकार विचारतोय, “भाऊ, चिठ्ठी इंग्रजीत काऊन?” दोन दिवस कार्बन लावून हातानं पट्ट्या फाडल्या. मग जुनी आवृत्ती परत टाकली. ती अजून बिनबोभाट चालते, कायद्यानंही कुणी अडवत नाही. फक्त सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून ठेवलीय.