सुईणबाईला लेबर रूममध्ये बाळंतिणीजवळ बसू द्यावं का?

शिरपूरची_लेक:
माझी आजी तापीकाठच्या आमच्या गावात सुईण होती, किती लेकरं तिच्या हातावर आली त्याचा हिशोब तिच्याकडेही नाही. आधीच सांगून ठेवते, घरी बाळंतपण करा असं मी म्हणतच नाहीये. माझं पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यातच झालं, औषधपाणी, गाडी सगळं फुकट, बाळ सुखरूप. पण अकरा तास मी आत एकटी होते, कळ आली आणि ओरडले की कोणीतरी खेकसायचं, आणि आई-आजी दोघी बाहेर व्हरांड्यात बसून. आजीला आत सोडलं असतं तर तिने कंबर चोळली असती, दोन घोट पाणी पाजलं असतं आणि म्हणाली असती "घाबरू नको माय, मी आठेच शे" (मी इथेच आहे). बस एवढंच हवं होतं मला. २०१६ पासून केंद्राच्या सूचना आहेत की बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवता येते, जी स्वतः बाळंतपणातून गेलेली आहे अशी बाई. मग गावागावातल्या म्हाताऱ्या सुईणींनाच मानधन देऊन हे काम का देत नाही?

एएनएम_धुळे:
ताई, तुमच्याशी जे वागले ते चुकीचंच आहे, पण मी २२ वर्षं नर्स म्हणून बाळंतपणंच करते म्हणून स्पष्ट बोलते. सोबतीण आणि सुईण यात फरक आहे. सोबतीण गप बसते. सुईणीला वाटतं मला कळतं, आणि मग ती बाईला पिशवीचं (गर्भाशयाचं) तोंड उघडायच्या आधीच जोर लाव म्हणते, वरून पोट दाबते. अशा पोट दाबून दमवून आणलेल्या बाया मी पाहिल्यात, आणि गावातल्या बिनडिग्रीच्या डॉक्टरकडून कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊन आलेल्या पण, त्यात पिशवी फाटते हो. बाळ झालं की एका मिनिटात मी ऑक्सिटोसिनचे १० युनिट देते ते रक्तस्राव थांबावा म्हणून. रक्त जायला लागलं तर बाई दोन तासांत हातातून जाऊ शकते, तिथे कंबर चोळून काय होणार.

बोरीकाठचा:
सिस्टर बरोबर बोलताय. माझी बहीण २००३ साली गेली, पारोळ्याकडच्या एका खेड्यात. बाळ झालं, पण बाळामागून पडते ती वार पडेना. दाईने नाळेला दोरा बांधून तो मांडीला बांधला, तिच्याच वेणीचं टोक तिच्या तोंडात कोंबलं, उबळ आली की वार पडते म्हणे. मी दाराबाहेर होतो, १९ वर्षांचा, आतून दोनदा ऐकलं "पडेल, थांबा थोडं". गोधडी भिजून खाली सारवलेल्या जमिनीवर रक्त आलं तेव्हा कोणीतरी जीप बघायला पळालं, अमळनेरच्या अलीकडेच ती गेली. दाई वाईट बाई नव्हती, नंतर कितीतरी दिवस आमच्या ओट्यावर येऊन रडायची. पण मला त्या हातांना परत मान द्या म्हणू नका, माझ्याच्याने होणार नाही.

धडगावकर:
भाऊ तुमचं दुःख खरं आहे, त्यावर मी काय बोलणार. फक्त आमच्याकडचं सांगतो. महाराष्ट्रात १०८ आली २०१४ ला, पण सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर ती आजही चढत नाही, बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं आणि झोळीसोबत चालते कोण तर दाईच. दवाखान्याजवळ गरोदर बायांसाठी माहेरघर आहे, आधी येऊन राहा म्हणतात, पण पाड्यावर शेळ्या आणि दोन लहान पोरं कोणाच्या भरवशावर टाकून येणार ती? तिला घरातून उठवायचं, सासूला समजवायचं हे काम दाईच करू शकते कारण सासूचं बाळंतपण पण तिनेच केलेलं असतं. आणि दवाखान्यात आलेली, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी पोरगी मराठी सिस्टरला काय दुखतंय तेच सांगू शकत नाही, गप पडून राहते. दाई जवळ असली तर निदान रक्त जातंय हे कोणी सांगेल तरी.

शिरपूरची_लेक:
बोरीकाठ दादा, वाचून हात थरथरला माझा. तुमच्या बहिणीला वाचवायला दवाखानाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण माझ्या आजीचं एक सांगते, पोटावर हात ठेवून तिने शेजारच्या वहिनीला सांगितलं होतं की मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, आत्ता निघा. सिझर झालं, दोघं वाचले. पूर्वी तिला साडीचोळी आणि पायलीभर ज्वारी मिळायची. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत झालं की खेड्यातल्या गरीब बाईला ७०० रुपये आणि गावात आशाताई. चांगलंच झालं ते, पण दाईला कोणी विचारलंच नाही की तुझं आता काय, म्हणून काही जणी लपूनछपून करत राहिल्या. लपून केलेलं जास्त धोक्याचं ना?

एएनएम_धुळे:
हा शेवटचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. लपवलं की बाई आमच्याकडे उशिरा येते. पण मानधन देणार तर आधी जागा बघा, आमच्याकडे दोन टेबल, मध्ये पडदा एक तोही फाटका, रात्रीच्या ड्युटीला मी एकटी. शेजारच्या टेबलवरच्या बाईची अब्रू कोण झाकणार? आधी पडदे द्या, अजून एक सिस्टर द्या, मग आजीला आणा. आणि त्या सूचनांमध्येच आहे की सोबतिणीने उपचारात ढवळाढवळ करायची नाही, ते आजीकडून कबूल करून घ्या.

बोरीकाठचा:
कंबर चोळायची, पाणी पाजायचं, आणि वारेला हात लावायचा नाही. एवढं असेल तर मी अडवणार नाही. माझी मुलगी सातव्या महिन्यात आहे.