जीआरई व्हर्बल: शब्द पाठ आहेत तरी टेक्स्ट कंप्लिशन चुकतंय, आता काय करू?

निळीशाई

नमस्कार मंडळी. जीआरईची, म्हणजे परदेशातल्या मास्टर्स-पीएचडी प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करतेय. क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, ठीकठाक आहे, त्याचं टेन्शन नाही, पण व्हर्बल, म्हणजे इंग्रजीचा भाग, प्रॅक्टिस टेस्टमध्ये १५०च्या आसपासच घुटमळतंय आणि काही केल्या वर सरकत नाहीये. इंग्रजी माझी पहिली भाषा नाही, पण कॉलेजचा सगळा अभ्यास इंग्रजीतच झालाय त्यामुळे वाचताना अडतं असंही नाही. एक मोठी वर्डलिस्ट जवळजवळ संपवलीये, कार्ड समोर आलं की अर्थ धडाधड सांगता येतो. पण तेच शब्द टेक्स्ट कंप्लिशनमध्ये (गाळलेल्या जागा भरा) ऑप्शन म्हणून आले की गडबड. तीन ब्लँकवाल्यात दोन बरोबर एक चूक असं हमखास होतं आणि मग अख्खा प्रश्न गेला. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये, जिथे एकाच जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन ऑप्शन निवडायचे असतात, दोन समानार्थी शब्द दिसले की वाटतं हेच असणार, आणि नेमके तेच चूक निघतात. आरसीचं (रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, उताऱ्यावरचे प्रश्न) म्हणाल तर पॅसेज कळतो, शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि त्यातला नको तो निवडला जातो.

तर अजून शब्द पाठ करू की काही वेगळं करायला हवं? आणि जवळ एक जुनं पुस्तक आहे, त्यात अँटोनिम्स (विरुद्धार्थी शब्द) आणि ॲनालॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे) ढीगभर प्रश्न आहेत, ते सोडवून काही फायदा होईल का? परीक्षेला अजून दोनेक महिने आहेत.

भरतीओहोटी

आधी पुस्तकाचं सांगतो. ते बाजूला ठेवा. अँटोनिम्स आणि ॲनालॉजी २०११ सालीच परीक्षेतून गेले. तेव्हा नुसता अर्थ येत असला तरी बराच भाग निघून जायचा, त्यामुळे हजारो शब्दांच्या याद्या पाठ करायची पद्धत पडली आणि ती अजून सुटलेली नाही. आता एकही प्रश्न वाक्याशिवाय येत नाही. वाक्यात काय चाललंय ते ओळखता येतं का, हे तपासतात, शब्द त्याच्या नंतर.

तुमची अडचण वाचून मला वाटतं तुम्ही वाक्य वाचता आणि लगेच ऑप्शनकडे जाता. ऑप्शन पाहिले की डोकं त्यांच्या मागे धावतं, प्रत्येक शब्द वाक्यात घालून बघायचा आणि "हा पण चालेल की" असं म्हणायचं. ऑप्शन हाताने झाका, अक्षरशः झाका, आणि रिकाम्या जागी काय हवं ते स्वतःच्या साध्या शब्दात ठरवा. मराठीत ठरवलं तरी चालेल.

एक उदाहरण बनवून देतो, मराठीतच, म्हणजे शब्दांचा अडथळा येणार नाही:

"समीक्षकाचा तो लेख वरवर ____ वाटतो, पण ज्याच्या पुस्तकावर तो लिहिलाय त्या लेखकाचा संताप पाहिला की लेखातली ____ लक्षात येते."

पहिल्या ब्लँकसाठी इनॉक्युअस, स्केदिंग (जहरी), व्हर्बोज. दुसऱ्यासाठी एरुडिशन (विद्वत्ता), ॲक्रिमनी (कडवटपणा), इक्वॅनिमिटी (शांतपणा).

आता "समीक्षक" वाचलं की विद्वत्ता आठवते आणि हात एरुडिशनकडे जातो. इथेच फसवतात. वाक्यात विद्वत्तेबद्दल एक अक्षर नाहीये. वाक्यात आहे संताप. विद्वत्ता पाहून कोणी संतापत नाही, कडवटपणा पाहून संतापतो, म्हणजे दुसरा ब्लँक आधी भरला, ॲक्रिमनी. मग "वरवर" आणि "पण" हे दोन शब्द सांगतात की पहिला ब्लँक याच्या उलट हवा, म्हणजे निरुपद्रवी, इनॉक्युअस. व्हर्बोज म्हणजे शब्दबंबाळ, ते लेखाबद्दल खरं असूही शकेल पण कडवटपणाच्या उलट नाही, म्हणून बाद. बघा, पहिल्या ब्लँकपासून सुरुवात केली असती तर हातात काहीच नव्हतं. दोन किंवा तीन ब्लँक असले की ज्याला वाक्यातच पुरावा आहे तो आधी भरायचा, क्रमाने जायची सक्ती नाही.

आणि प्रत्येक उत्तराला "वाक्यातल्या कुठल्या शब्दामुळे?" हे विचारायचं. त्या शब्दावर बोट ठेवता आलं नाही तर उत्तर अजून मिळालेलं नाही असं समजायचं, ऑप्शन कितीही गोड वाटला तरी.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्सलाही हेच. "सभेत तो मोजकंच बोलायचा, मित्रांत मात्र तो अगदी ____ असे." सहा ऑप्शन: लॅकॉनिक, टर्स, गॅर्युलस, लोक्वेशस, जोव्हियल, मोरोस. इथे जोड्या दोन आहेत. लॅकॉनिक-टर्स ही मुद्दाम ठेवलेली जोडी, "मोजकं बोलणं" वाक्यात आहेच म्हणून ती ओळखीची वाटते. "मात्र"ने दिशा फिरवलीये ते सुटलं की संपलं. जोव्हियल (आनंदी) एकटं घातलं तर छान बसतं पण त्याला जोडीदार नाही, म्हणून ते पण गेलं. आधी रिकामी जागा स्वतः भरली असती, "बडबड्या", तर गॅर्युलस-लोक्वेशस ही जोडी लगेच दिसली असती, दहा सेकंदांचा प्रश्न होता.

दुपारचं_ऊन

वरचं सगळं पटलं पण एका बाबतीत वेगळं मत मांडते, कारण हल्ली सगळीकडे "शब्दांना महत्त्व नाही" असं सांगितलं जातं आणि नवीन मुलं शब्दच सोडून देतात. गॅर्युलस माहीतच नसेल तर "बडबड्या" ठरवून करायचं काय? लॉजिक बरोबर आलं आणि सहापैकी चार ऑप्शन अनोळखी, असं झालं की फार वाईट वाटतं. शब्द हवेतच. फक्त पाठ करायची पद्धत बदलायला हवी.

कार्डावर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला एकशब्दी अर्थ, हे पुरत नाही. अर्थाच्या जागी एक वाक्य लिहा ज्यात तो शब्द काढला तरी अंदाज येईल. आणि शब्द अर्थाच्या गटाने ठेवा, अकारविल्हे नको. कमी बोलणारे एकत्र: टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक. हट्टी एकत्र: ऑब्ड्युरेट, इंट्रान्सिजंट, रिकॅल्सिट्रंट. गटात ठेवलं की जोड्या आपोआप दिसायला लागतात, आणि एखादा अगदी बरोबर आठवला नाही तरी तो कुठल्या बाजूचा, चांगल्या की वाईट, एवढं आठवतं. पुष्कळदा तेवढ्यावरही काम भागतं.

दिसण्यावरून अर्थ लावू नका. एनर्व्हेट वाचून एनर्जी आठवते पण अर्थ आहे शक्ती काढून घेणं. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नव्हे, अस्वस्थ. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, दुर्गंधीशी आहे. धातू-उपसर्ग शिकावेत, मीही शिकवते, पण ते आठवण पक्की करायला. अनोळखी शब्दाचा अर्थ त्यावरून काढायला गेलं की अशा ठिकाणी हमखास आपटतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे सोपे वाटणारे शब्द. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना येतं, पण आरसीच्या ऑप्शनमध्ये "लेखक आधीचं विधान क्वालिफाय करतो" असं येतं तेव्हा अर्थ असतो विधानाला मर्यादा घालणं. टेम्पर म्हणजे धार कमी करणं. सँक्शनचे तर दोन उलटे अर्थ, परवानगी आणि निर्बंध. चेक म्हणजे रोखणं. हे शब्द यादीत सहसा नसतात कारण ते "येतात" असं धरलेलं असतं. माझ्या मते तुमच्यासारख्यांनी, ज्यांची मोठी यादी झालीये, नवीन अवघड शब्द थांबवून या शब्दांवर आठ-दहा दिवस घालवावेत.

पानगळ

आरसीवर कोणीच बोललं नाही आणि व्हर्बलचे साधारण निम्मे प्रश्न तिथूनच येतात, म्हणून लिहितो, जरा लांबेल.

"दोन ऑप्शन उरतात" ही तक्रार जवळजवळ सगळ्यांची असते. त्या दोनांपैकी एक बहुतेक वेळा पॅसेजमधले शब्द घेऊन बनवलेला असतो आणि पॅसेजमध्ये म्हटलेलं नसतं ते म्हणत असतो. दुसरा वेगळ्या शब्दात असतो आणि थोडा मिळमिळीत वाटतो, आणि तोच बरोबर निघतो.

समजा पॅसेज असा आहे: शहरातल्या काही पक्ष्यांचं गाणं जंगलातल्या त्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा उंच पट्टीतलं असतं असं आढळलंय. वाहनांचा गोंगाट खालच्या पट्टीत असतो, त्यात आवाज बुडू नये म्हणून पक्ष्यांनी पट्टी चढवली, असं याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. काही संशोधक मात्र म्हणतात की गोंगाटात पक्षी मोठ्यांदा गातात, आणि मोठ्यांदा गायलं की पट्टी आपसूक चढते, त्यामुळे पट्टी चढणं हा निव्वळ परिणाम असू शकतो.

प्रश्न: या संशोधकांना काय म्हणायचंय? एक ऑप्शन: "शहरी पक्षी उंच पट्टीत गातात या निरीक्षणावर ते शंका घेतात." दुसरा: "एका मान्य निरीक्षणाचं वेगळं कारण ते सुचवतात." घाईत पहिला बरोबर वाटतो कारण "मात्र" आलंय, म्हणजे विरोध आहे, आणि शब्दही सगळे पॅसेजमधलेच. पण विरोध कशाला आहे? निरीक्षण दोघांनाही मान्य आहे, भांडण कारणावर आहे. आरसीतले कितीतरी प्रश्न याच फटीवर उभे असतात: काय दिसलं आणि ते का घडलं असं कोण म्हणतं. मी तर वाचतानाच मनात दोन खुणा करतो, इथे माहिती, इथे कोणाचं तरी मत, आणि लेखक स्वतः कुणाच्या बाजूने आहे की नुसता सांगतोय. एवढं कळलं की पॅसेजमधले बाकीचे तपशील लक्षात नाही राहिले तरी चालतं, लागले की परत जाऊन बघता येतात.

"नेहमी", "फक्त", "सिद्ध झालं" असे ठाम शब्द ऑप्शनमध्ये दिसले की पॅसेजमध्ये तितकाच ठामपणा आहे का ते तपासायचं. वरच्या उताऱ्यात "असू शकतो" आहे, त्याचं ऑप्शनमध्ये "आहे" झालं की तो ऑप्शन मेला.

तीन ऑप्शनवाले जे असतात, लागू पडतील ते सगळे निवडा, त्यात एकमेकांशी तुलना करू नका. प्रत्येक ऑप्शन वेगळा हो-नाही प्रश्न धरायचा. एक, दोन किंवा तिन्ही, काहीही बरोबर असू शकतं आणि अर्धे मार्क नाहीत.

निळीशाई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. हाताने ऑप्शन झाकून कालचेच काही प्रश्न परत सोडवले, आणि खरंच जाणवलं की मी वाक्य पूर्ण होण्याआधीच ऑप्शन बघत होते. पण असं केलं की वेळ जास्त लागतोय, त्याचं काय? आणि पहिला सेक्शन चांगला गेला तर दुसरा अवघड येतो म्हणतात, मग पहिल्यात मुद्दाम सांभाळून खेळायचं का?

भरतीओहोटी

मुद्दाम काही चुकवायचं अजिबात नाही. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते हे खरं, पण स्कोअर काढताना ती पातळीही धरतात. सोपा दुसरा सेक्शन मिळाला की वरच्या स्कोअरची वाट अरुंद होते. अवघड आला तर चांगलं लक्षण समजायचं.

वेळेचं गणित: सप्टेंबर २०२३पासून परीक्षा छोटी झालीये, पहिला व्हर्बल सेक्शन १२ प्रश्न १८ मिनिटं, दुसरा १५ प्रश्न २३ मिनिटं. आधी २० प्रश्नांना ३० मिनिटं असायची, म्हणजे प्रश्नामागे वेळ तोच, दीड मिनिट. फरक एवढाच की प्रश्न २७च उरलेत, त्यामुळे एकेक प्रश्न जड झालाय. टेक्स्ट कंप्लिशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स सरासरी मिनिटात आटपले तर वाचलेला वेळ आरसीला मिळतो. एक ब्लँकवाले अर्ध्या मिनिटात होतात, तीनवाल्यांना जास्त द्या. सेक्शनमध्ये मागेपुढे जाता येतं, प्रश्न मार्क करून ठेवता येतो, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून अडलेल्यावर काहीतरी उत्तर टाकून, मार्क करून पुढे जायचं. रिकामा एकही सोडायचा नाही.

झाकून सोडवायला सुरुवातीला वेळ लागणारच. पहिले दोन-तीन आठवडे घड्याळ लावूच नका, बरोबर यायला लागू दे. नंतर वेळ लावा, तोवर सवय झालेली असते.

दुपारचं_ऊन

हो, आणि सरावाला परीक्षा घेणाऱ्या ईटीएसचे स्वतःचे प्रश्न वापरा. बाहेरच्यांचे प्रश्न बऱ्याचदा नुसते अवघड शब्द कोंबून बनवलेले असतात आणि वाक्यात पुरावाच नसतो, त्यावर सराव केला की वरची सगळी पद्धत बिघडते. त्यांच्याच पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावातल्या दोन पूर्ण टेस्ट फुकट आहेत, पण त्या लगेच उडवू नका. एक महिनाभराने द्या, दुसरी परीक्षेच्या आठवडाभर आधी, दोन्ही एका बैठकीत, निबंधासकट, कारण व्हर्बलला बसाल तेव्हा अर्धा तास लिहून डोकं दमलेलं असणारच आहे.

चुकलेल्या प्रश्नांची वही करा आणि त्यात योग्य उत्तर लिहायच्या आधी हे लिहा की चुकीचा ऑप्शन मला का आवडला. शब्द येत नव्हता, की "पण" सुटलं, की पॅसेजमध्ये नसलेलं मी मनाने घातलं. पंधरा दिवसांनी वही चाळलीत की तुमचं कुठे अडतंय ते दिसेल, तेव्हा इथेच लिहा, मग पुढचं ठरवू.