अंगणातलं दगडी टेबल हलवायचंय, दोघांना जमेल का?

टेबलावर ग्रॅनाइटची लादी आहे, 4 फूट बाय 2 फूट, जाडी 2 इंच. खाली बिडाचे पाय, बोल्टनी जोडलेले. तीसेक फुटांवर झाडाखाली न्यायचंय, वाटेत हिरवळ आणि एक पायरी. माणसं दोन, मी आणि मुलगा. मागे बिडाचा बाक असाच "चल रे, उचलू" म्हणत उचलला आणि ठेवताना माझा अंगठा खाली. नख अजून काळंनिळं आहे, म्हणून या वेळी आधी विचारतोय.

उत्तर 1:
चार माणसं बोलवा, पाच मिनिटांचं काम!

उत्तर 2:
चार माणसं आली की चौघंही एकदम ओरडतात, हे मी फरशीकामात पुष्कळ पाहिलंय. आधी वजन बघा. ग्रॅनाइटचा घनफूट 75 किलोच्या आसपास भरतो. तुमची लादी सव्वा घनफुटाच्या वर, म्हणजे शंभर किलो धरा. पाय वेगळेच. त्यामुळे अख्खं टेबल उचलायचं नाही, लादी सुटी करा. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

लादी आडवी नेऊ नका. दगड दाब कितीही सोसतो, पण वाकवला की मधोमध तडकतो. काच नेतात तशी कडेवर उभी करा, दोनचाकी ट्रॉलीवर गोणपाट घालून टेकवा आणि दोरीने आवळून बांधा. हिरवळीवर प्लायचे तुकडे टाका, नाहीतर चाकं रुततील. पायरी चढायची की उतरायची ते लिहिलं नाहीत. काहीही असो, जाड फळ्यांचा उतार करा आणि तिसरा माणूस घ्या. लादी कलायला लागली तर सावरायला धावायचं नाही, बाजूला व्हायचं.

आणि तुमचा अंगठा. बोटं चिरडतात ती बहुधा ठेवतानाच. पायांवर आधी लाकडाचे दोन ठोकळे, त्यावर लादी, मग हात बाहेर. पहारीने कड जराशी उचलायची आणि ठोकळा काठीने ढकलून काढायचा. हाताने नाही.

प्रश्नकर्ता:
झालं काम! तीन बोल्ट तेलाने सुटले, चौथा कापावा लागला. तिसरा माणूस म्हणून शेजारी आले. "हं" म्हणून सगळ्यांना एकदम इशारा द्यायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं, ते मनापासून केलं. ठोकळा काढताना मुलाचा हात सवयीने आत गेलाच होता, काठीनेच टोचला त्याला. पायांखाली मात्र मुंग्यांचं अख्खं गाव निघालं, ते कुणी सांगितलं नव्हतं.