मेडिकेअर होम हेल्थ: डॉक्टरांची जुनी भेट चालते का?

एडिसनकर
सासूबाई 79 वर्षांच्या, ओरिजिनल मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा), पार्ट ए (हॉस्पिटल) आणि पार्ट बी (डॉक्टर, उपकरणं) दोन्ही. गुडघ्यांचा संधिवात वाढलाय, जानेवारीत दोनदा तोल जाऊन पडल्या. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर बोलून घरी फिजिओथेरपीची ऑर्डर दिली. घरी थेरपिस्ट पाठवणारी एजन्सी 12 फेब्रुवारीला सुरू करणार, पण त्यांना 'फेस टू फेस' भेट, म्हणजे डॉक्टरांनी समोरासमोर केलेली तपासणी, हवी आहे. शेवटची भेट 4 नोव्हेंबरची, फ्लूची लस आणि बीपीच्या गोळ्यांसाठी. ती चालेल का? नाहीतर नवी कधीपर्यंत आणि कोणाकडे घ्यायची? शिवाय त्या दर गुरुवारी आरतीला मंदिरात जातात, म्हणून 'होमबाउंड' (घराबाहेर पडणं अवघड असलेल्या, ही सेवेची अट आहे) ठरणार नाहीत असं कोणी तरी सांगितलं. खरं आहे का?

घरपोच_नर्सिंग
नोव्हेंबरची भेट चालणार नाही. 12 फेब्रुवारीपर्यंत 100 दिवस होतात, आणि मुदत आहे सेवा सुरू होण्याआधीचे 90 दिवस किंवा सुरू झाल्यावरचे 30 दिवस. त्याहून मोठी अडचण कारणाची आहे. ज्या दुखण्यासाठी घरी सेवा हवी, भेटही त्याच दुखण्याशी संबंधित लागते. हीच भेट डिसेंबरअखेर झाली असती आणि नोंदीत फक्त लस नि बीपी असतं, तरी ती टिकली नसती. बहुतेक लोक दिवस मोजतात आणि इथेच फसतात.

सेवा सुरू झाल्याची तारीख म्हणजे एजन्सीची पहिली बिलात धरली जाणारी फेरी. ऑर्डर कधी लिहिली याला महत्त्व नाही. 12 फेब्रुवारी धरली तर नवी भेट 14 मार्चपर्यंत चालते, पण तेवढं ताणू नका, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. मुदतीत भेट झाली नाही तर एजन्सीला मेडिकेअरकडे बिल लावता येत नाही. मग भेट झाल्यावर नवी सुरुवातीची तारीख धरून ओएसिस मूल्यांकन (एजन्सीने भरायची रुग्णाच्या स्थितीची ठरावीक तपासणी) पहिल्यापासून करावं लागतं, आणि मधल्या फेऱ्यांचे पैसे एजन्सीचे बुडतात. म्हणून कित्येक एजन्सी भेटीची नोट हातात आल्याशिवाय माणूस पाठवतच नाहीत.

डॉक्टरच हवेत असं नाही. नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट किंवा फिजिशियन असिस्टंट यांची भेटही चालते. 2020 च्या केअर्स कायद्यापासून, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर, हे तिघे सर्टिफिकेटवर (घरी सेवेची गरज आहे असा दाखला) सहीही करू शकतात. हॉस्पिटलमधून थेट घरी आलेल्या रुग्णाला तिथल्या डॉक्टरांची तपासणी पुरते. एजन्सीच्या नर्सची घरची फेरी मात्र यात धरत नाहीत, आणि नुसता फोनही नाही. व्हिडिओ चालतो, पण रुग्ण घरी बसून केलेल्या व्हिडिओची सवलत अमेरिकेची काँग्रेस (संसद) मुदतीमुदतीने वाढवत आली आहे, तेव्हा त्या दिवशी ती लागू आहे का हे क्लिनिकला विचारा. नुकतेच भारतातून परतलेले असाल तर तिकडच्या डॉक्टरांची तपासणीही इथे धरत नाहीत.

पीटी_ओहायो
वरच्या उत्तरात भर: भेट झाली म्हणजे काम झालं असं नाही, नोट वाचली जाते. 2011 मध्ये हा नियम आला तेव्हा डॉक्टरांना वेगळा खुलासा लिहून द्यावा लागे. 1 जानेवारी 2015 पासून तो गेला. आता सर्टिफिकेटवर भेटीची तारीख लागते आणि बाकी सगळा पुरावा रुग्णाच्या नेहमीच्या नोंदींतूनच काढतात.

होमबाउंडच्या दोन पायऱ्या. पहिली: बाहेर पडायला वॉकर, काठी, व्हीलचेअर, खास वाहन किंवा दुसऱ्या माणसाचा आधार लागतो, किंवा बाहेर पडणं तब्येतीला घातक आहे. दुसरी: एरवी घराबाहेर पडता येत नाही, आणि पडलंच तर फार कष्ट होतात. दोन्ही पायऱ्या पुऱ्या व्हायला हव्यात. मंदिराची काळजी सोडा. धार्मिक कार्यक्रमाला जाणं कायद्यातच मान्य आहे, डॉक्टरकडे जाणंही. कसं जातात ते नोंदीत यायला हवं.

आपल्या ज्येष्ठांचा घोळ ठरलेला. डॉक्टरांनी विचारलं की "मी बरी आहे, काही त्रास नाही." मग नोटमध्ये 'स्वतंत्रपणे चालतात' हे तयार वाक्य पडतं, आणि फाइल तिथेच अडते. नुसतं 'होमबाउंड आहेत' एवढं लिहिलेलंही पुरत नाही. भेटीआधी कागदावर उतरवा: कितव्या तारखेला पडल्या, किती फूट चालल्यावर थांबतात, पायऱ्या कशा उतरतात, मंदिरातून आल्यावर किती वेळ पडून राहावं लागतं. वॉकर गाडीत ठेवू नका, आत न्या आणि डॉक्टरांसमोर खुर्चीपासून दारापर्यंत चालायला सांगा. नोट अशी हवी: 'वॉकर घेऊन 15 फूट चालतात, मग दुखण्यामुळे बसावे लागते, पायऱ्यांवर एका माणसाचा आधार, जानेवारीत दोनदा पडल्या, तोल व ताकदीसाठी फिजिओथेरपी आवश्यक.' आकडे अर्थातच तुमच्या सासूबाईंचे खरे असतील तेच. दोन दिवसांनी क्लिनिकच्या ऑनलाइन पोर्टलवर नोट वाचा, काही राहिलं असेल तर तारखेसह पुरवणी मागा.

एडिसनकर
खूप आभार, मंगळवारची वेळ मिळाली. दर 60 दिवसांनी हे पुन्हा करायचं का? आणि आंघोळीला मदतनीस मिळतो का?

घरपोच_नर्सिंग
60 दिवसांनी पुन्हा सर्टिफिकेट लागतं, त्यात सेवा अजून किती दिवस लागेल याचा अंदाज लिहावा लागतो, पण फेस टू फेस लागत नाही. एकदा डिस्चार्ज होऊन नव्याने सुरू केलं तर मात्र पुन्हा लागते.

आंघोळीला एड (मदतनीस) मिळतो, तो थेरपी किंवा नर्सिंग चालू असेपर्यंतच. नर्स आणि एड मिळून दिवसाला 8 तासांच्या आत, आठवड्याला 28 तासांपर्यंत. हा एरवीचा वरचा आकडा आहे, प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीन फेऱ्याच होतात. नुसती सोबत, स्वयंपाक, धुणंभांडी यात बसत नाही. सेवेला पैसे पडत नाहीत. वॉकर नवा घेतलात तर पार्ट बी चं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची वार्षिक रक्कम) आणि 20 टक्के तुमचे.

मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असणाऱ्यांनी एजन्सी नेटवर्कमधली आहे ना आणि पूर्वपरवानगी लागते का, हे आधी बघावं. मेडिकेडमध्येही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) 90 आणि 30 दिवसांचीच भेट लागते, होमबाउंडची अट नाही.

आणि सेवा बंद करण्याची नोटीस आली तर तारीख बघा. ती निदान दोन दिवस आधी द्यावी लागते, आणि अपील सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी 12 पर्यंत करायचं असतं. फोन नंबर नोटिशीवरच असतो.