मदत हवी आहे: ४५ हजारांत पहिला कॅमेरा, निकॉन डी७२०० की कॅनन २००डी मार्क २?

बजेट लेन्स धरून ४५ हजार, त्यामुळे वापरलेलाच घेणार. फोटो मुख्यतः मुंबईत शिवडी जेट्टीवरून फ्लेमिंगोंचे आणि दिवेलागणीनंतर भुलेश्वरच्या गल्ल्यांतले.

कल डी७२००कडे आहे. बॉडीत फोकस मोटर असल्याने जुनी, स्वस्त ५० मिमी एफ/१.८डी लेन्स (कमी प्रकाशातही चालणारी) त्यावर ऑटोफोकस होते. निकॉनच्याच डी५६००मध्ये मोटर नाही, त्यामुळे त्यावर तीच लेन्स हाताने फिरवून फोकस करावा लागतो. शिवाय धूळ-पाण्यापासून सीलिंग आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ते मला फार महत्त्वाचं वाटतं. २००डी हलका, व्हिडिओत फोकस सरस.

गल्लीत ५० मिमी अडचणीची, कारण क्रॉपमुळे (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्याने) ती ७५ मिमीसारखी, म्हणजे जास्त जवळचं दाखवते. म्हणून ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (निकॉनची लहान सेन्सरसाठीची लेन्स) घ्यावी का? फ्लेमिंगो भरतीला जवळ येतात, तेव्हा २००डी घेतला तर कॅननची ५५-२५० मिमी झूम पुरेल, की ३०० मिमी हवीच?

शटर काउंट, म्हणजे आधी किती फोटो काढलेत ते, बघेन (डी७२००चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं असतं), लेन्समधून टॉर्च मारून बुरशीही. आणखी काय तपासावं? आणि फोर्टात बोरा बाजारच्या दुकानांत वापरलेल्या मालावर लेखी वॉरंटी मिळते का? अलीकडे घेतलेल्यांनी कृपया भावही सांगा.